अळिंबीच्या खोलीतील ओलावा आणि वारा

भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, घरामागची एखादी खोली रिकामी असेल तर तिच्यात धिंगरी अळिंबीचे पीक घेता येते. भाताचा पेंढा, म्हणजे इकडचा पैरा, छत्तीसगडमध्ये मुबलक मिळतो. कौशल्य लागते ते खोलीतील हवा सांभाळण्यासाठी.

बियाणे पेरलेल्या पेंढ्याच्या पिशव्या पहिले पंधरा-वीस दिवस अंधारात बंद ठेवतात. तोवर वाऱ्याची फारशी गरज नसते. पांढरी बुरशी सर्वत्र पसरल्यावर पिशव्या उघडल्या, की दोन गरजा एकदम उभ्या राहतात. अळिंबीच्या अंगावर पाणी रोखणारी साल नसते. कोरड्या हवेत कोवळे अंकुर सुकून जातात. म्हणून हवेतील आर्द्रता ८० ते ९० टक्के हवी. शिवाय अळिंबी आपल्याप्रमाणेच प्राणवायू घेते व कार्बन डायऑक्साइड सोडते. तो खोलीत साचला, की देठ लांबतात आणि छत्री लहानच राहते. असा माल बाजारात कोण घेणार? खिडकी लावली तर पिकाचा श्वास कोंडतो, उघडली तर ओलावा निघून जातो.

कोरड्या दिवसांत झरोक्यावर ओले गोणपाट टांगावे. त्यातून येणारी हवा ओलसर व गार होते. कूलरचे तत्त्वही हेच. मात्र धिंगरीला साधारण २० ते ३० अंश तापमान मानवते, त्यामुळे पारा चाळिशी ओलांडतो त्या मे महिन्यात केवळ गोणपाटाच्या भरवशावर पीक घेऊ नये. पावसाळ्यात गोणपाट काढून टाकावे. जमिनीलगत एक आणि छताजवळ एक, असे दोन झरोके जाळी लावून उघडे ठेवावेत: उबदार हवा वरून जाते, ताजी खालून येते. पाणी भिंतींवर व जमिनीवर शिंपडावे. छत्रीवर ते साचून राहिले, तर जिवाणूंमुळे पिवळे डाग पडतात आणि पीक कुजते.

ओलावा अंदाजाने ठरवू नये. दोन सारखे तापमापक शेजारी टांगा. एकाच्या फुग्याला ओले सुती कापड गुंडाळून त्याला पंख्याचा वारा द्या. कोरडा २८ अंश व ओला २६ दाखवत असेल, तर आर्द्रता सुमारे ८५ टक्के आहे. ओला २४ वर उतरला, तर ती ७० च्या आसपास आली असे समजावे.

छत्रीच्या कडा वर वळण्यापूर्वीच तोडणी करावी. उशीर झाल्यास बारीक बीजाणू हवेत उडतात व काहींना खोकला येतो. तोडताना नाकातोंडावर कापड बांधावे, आणि वरचा झरोका घराच्या आत नव्हे, बाहेरच्या बाजूस उघडणारा असावा.