जुन्या फियाटला विजेवरचा एसी : आधी हिशेब, मग पाना

बडोद्यात मे महिन्यात दुपारी दोन वाजता पारा 42-43 ला टेकतो. अशा वेळी अलकापुरीच्या गरनाळ्यापाशी, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यापाशी, वाहतूक तुंबली, की जुन्या प्रीमियर पद्मिनीत बसणं अवघड होतं. तिकोनी काचेतून वारा आत येतो तो गाडी चालू असेतोवर. थांबली की इंजिनाची धग पायाशी येते. आमची 1974 ची पद्मिनी वडिलांची आहे. ती विकायची नव्हती, आणि घरातल्या वयस्क माणसांना तिच्यातून उन्हाळ्यात नेता येत नव्हतं, म्हणून हे काम काढलं. ते एकदा फसलं, दुसऱ्यांदा जमलं. कुणाला करायचं असेल त्याला उपयोग व्हावा, म्हणून क्रमाने लिहितो.

विजेवरचाच एसी का, ते आधी सांगायला हवं. नेहमीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्तीची. त्यावर कॉम्प्रेसर चढवायचा तर पुली बदला, ब्रॅकेट वेल्ड करा, आणि गाडी आयडलिंगला आली की तो मंदावतो, म्हणजे गरज असते तेव्हाच गारवा कमी. विजेच्या कॉम्प्रेसरची मोटर त्याच्या पोटातच असते; इंजिन किती फिरतंय याच्याशी त्याचा संबंध नाही. 1940 च्या सुमारास अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने गाडीत पहिल्यांदा एसी दिला. त्याला क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून पट्टाच काढावा लागे. विजेचा कॉम्प्रेसर मोठ्या प्रमाणावर आला तो 2003 च्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये. आता 12 व्होल्टवर चालणारे छोटे कॉम्प्रेसर मिळतात. जुन्या गाडीला तेच लागतात.

दुसरं कारण कायद्याचं. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार झालेला असेल तर ती बसत नाही. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, ही अट आहेच; पण पुढेमागे नोंदवायची असेल तर पत्रा कापलेला नको. 2023 च्या जानेवारीत लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा भरला होता. तिथे ज्यांनी गाड्या पाहिल्या, त्यांना मूळपणाची किंमत वेगळी सांगायला नको. म्हणून माझा नियम एकच : जे बसवायचं ते नटबोल्टवर बसवायचं आणि नटबोल्टवर निघालं पाहिजे.

आता काम. सर्वांत आधी कागद-पेन्सिल घ्या. माझं पहिल्यांदा फसलं ते इथेच. एका गॅरेजवाल्याने आधी कॉम्प्रेसर बसवला आणि गाडीच्या मूळ वायरिंगमधून वीज दिली. विसाव्या मिनिटाला डॅशखालून रबर जळाल्याचा वास आला. बॅटरीचा पट्टा सोडवला तेव्हा इग्निशन स्विचकडे जाणारी वायर बोटाला चटका देत होती, आणि तिचं आवरण मेणासारखं ओघळलं होतं.

हिशेब असा. कॉम्प्रेसर 55 अँपिअर, आतला ब्लोअर 8, कंडेन्सरचा पंखा 10. एसीचेच झाले 73. रात्री दिवे, इग्निशन आणि वायपर धरले तर नव्वदीच्या आसपास. जुन्या फियाटचा डायनामो बावीस-पंचवीस अँपिअरच्या पुढे जात नाही, आणि आयडलिंगला जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे दोनच वाटा. एक, डायनामो काढून 90-100 अँपिअरचा अल्टरनेटर बसवणं. दुसरी, एसीला स्वतंत्र बॅटरी देणं. मी दुसरी निवडली : 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, डिकीत. तिच्यातले 80 वापरायचे असं धरलं तर 73 अँपिअरवर साधारण पासष्ट मिनिटं मिळतात. गाडी गार झाल्यावर कॉम्प्रेसर मंदावतो, मग त्याहून जास्त. शहरातल्या फेरीला एवढं पुरतं. रात्री घरी 20 अँपिअरच्या चार्जरवर चार तासांत पुन्हा भरते. मूळ डायनामो जागेवर, मूळ वायरिंगला हात नाही. रोज पावागढपर्यंत जायचं असेल त्याने मात्र अल्टरनेटरचाच रस्ता धरावा.

अपेक्षाही याच कागदावर लिहून ठेवा. 55 अँपिअर म्हणजे सुमारे 700 वॉट वीज. त्यातून साधारण 1.6 किलोवॉट गारवा निघतो. घरातला एक टनाचा एसी 3.5 किलोवॉटचा असतो. म्हणजे तुमच्याकडे आहे जेमतेम अर्धा टन. तो पुरवायचा असेल तर उष्णता आत येणं आधी बंद करायला हवं.

म्हणून दुसरं काम एसीचं नाहीच, ते रबराचं आणि फोमचं. दारांची रबरं बदला. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा. ती सहज ओढून निघाली तर तिथून गारवाही निघणार. सीट आणि कार्पेट काढून फायरवॉल, जमिनीवरचा मधला बोगदा आणि छताच्या आत काळी नायट्रिल रबराची शीट चिकटवा, एसी डक्टवर लावतात तीच. पेडल आणि केबल जिथून आत येतात तिथले ग्रोमेट नवे घाला. काचांना फिल्म लावण्याचा मोह होतो; पण पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आत यायलाच हवा, हे विसरू नका. एवढं झाल्यावर एसीशिवायही पायाशी येणारी धग निम्म्याने कमी वाटते. हे काम वगळणाऱ्याने पुढचं वाचू नये, असं मी म्हणेन.

मग केबल. बॅटरीपासून कॉम्प्रेसरपर्यंत जाऊन-येऊन सहा मीटर तांबं लागतं. 10 चौरस मिलिमीटरची केबल घेतलीत तर 60 अँपिअरला सहा दशांश व्होल्टहून अधिक वाटेतच जातो; 25 ची घेतलीत तर पाव व्होल्ट. 25 चीच घ्या. निगेटिव्हही बॅटरीपर्यंत केबलनेच न्या, पन्नास वर्षांच्या गंजलेल्या पत्र्यावर भरवसा ठेवू नका. बॅटरीपासून वीतभर अंतरात 80 अँपिअरचा फ्यूज. केबलच्या टोकांचे थिंबल हातोडीने ठोकून बसवायचे नाहीत, हायड्रॉलिक प्रेसनेच दाबून घ्यायचे. बडोदं ट्रान्सफॉर्मर आणि मोटरींचं गाव आहे. मकरपुरा जीआयडीसीत हे काम करून देणारे हात मिळतात. डॅशवरच्या स्विचने फक्त रिले चालवायचा, मुख्य वीज डॅशपर्यंत आणायचीच नाही. व्होल्टेज पडलं तर कॉम्प्रेसर आपोआप बंद करणारा कटऑफ आणि गॅसच्या नळीवरचा प्रेशर स्विच, हे दोन्ही रिलेच्या वाटेत हवेतच.

कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो. त्याआधी रेडिएटर काढून साफ करून घ्या, कारण आता त्याला आधीच तापलेली हवा मिळणार आहे. दोघांत बोटभर अंतर ठेवा आणि कडा फोमने बंद करा, नाहीतर तीच गरम हवा फिरून पुढे येते. पंखा हवा पुढून मागे ढकलतो ना, हे कागदाचा कपटा धरून पाहा. कॉम्प्रेसर इंजिनवर नव्हे, बाजूच्या मूळ भोकांवर बसणाऱ्या ब्रॅकेटवर, रबरी बुशांवर. आतलं युनिट डॅशखाली टांगायचं, जुन्या अँबॅसडरमध्ये असायचं तसं. निचऱ्याची नळी उतरती ठेवून गाडीच्या तळातल्या मूळ रबरी बुचातून खाली काढा.

आता गॅसचं काम. हे एसीच्या मिस्त्रीकडूनच करून घ्या, पण शेजारी उभे राहा. तेलाची बाब सर्वांत महत्त्वाची. ज्या कॉम्प्रेसरची मोटर पोटात असते, तिचं वेटोळं त्याच तेलात भिजलेलं असतं. नेहमीच्या गाड्यांचं पीएजी तेल त्यात गेलं तर मोटरीचं इन्सुलेशन खराब होऊ शकतं. अशा कॉम्प्रेसरला बहुधा पीओई लागतं. कॉम्प्रेसरच्या पट्टीवर जे लिहिलंय तेच, सीलबंद डब्यातलं. दुसऱ्या गाडीला लावलेल्या गेजच्या नळ्याही आधी धुऊन घ्यायला सांगा.

जोड आवळून झाले, की नायट्रोजन भरून 150 पीएसआयवर रात्रभर ठेवा. ऑक्सिजन कधीही नाही. दुपारी 40 अंशांत भरलेला दाब पहाटे 25 अंशांत आठेक पीएसआयने उतरतो, ती गळती नव्हे. त्याहून जास्त उतरला तर साबणाचा फेस. मग ड्रायरचं बूच काढून तो जोडा. हे शेवटीच, कारण तो हवेतला ओलावा लगेच ओढतो. नंतर व्हॅक्यूम, किमान पाऊण तास. गेज 29 इंचांवर गेला की आतलं पाणी 25 अंशांनाच उकळून निघून जातं. पंप बंद करून अर्धा तास काटा हलत नाही हे स्वतः पाहा.

“काका, काटा थांबला, आता भरून टाकतो,” असं मिस्त्री दहाव्या मिनिटाला म्हणाला होता. मी थांबवलं. विसाव्या मिनिटाला काटा हलला. एका जोडाची ओरिंग दुमडली होती.

आर-134ए वजनावर भरायचा, अंदाजाने नाही. एवढ्या छोट्या यंत्रणेला बहुधा अर्ध्या किलोच्या आसपास लागतो, नेमका आकडा पत्रकात असतो. स्वस्तात मिळतं म्हणून एलपीजीचं मिश्रण कुणी सुचवलं तर उठून या. ते पेट घेतं, आणि युनिट तुमच्या गुडघ्याशी आहे.

तपासणी भर दुपारीच करा. काचा खाली करून दोन मिनिटं गाडी चालवा, कोंडलेली हवा जाऊ द्या, मग एसी लावा. लो साइड 25 ते 40 पीएसआय, हाय साइड त्या उन्हात 225 ते 275. पहिल्या दिवशी दांडिया बाजार ते मकरपुरा मी एसीच्या जाळीत थर्मामीटर खोचून गेलो. बाहेर 42, जाळीतून 13. मागच्या सीटवर गारवा कमी पोचतो, हे खरं आहे. सायंकाळी हात लावला तर एकही थिंबल गरम नव्हता.

विमा कंपनीला ही विजेची जोडणी लेखी कळवा. तिचं मूल्य वेगळं धरलं जातं, हप्ता थोडा वाढतो. आणि पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळ्या थिंबलांचे नट पुन्हा एकदा आवळून घ्या.