रक्त गाळून कोलेस्टेरॉल काढताना

मूत्रपिंडे निकामी झाली की रक्त यंत्रातून शुद्ध करतात, हे आता तालुक्याच्या गावीही ठाऊक आहे. पण कोलेस्टेरॉल काढण्यासाठीही रक्त गाळतात, हे थोड्यांनीच ऐकले असेल. हा उपचार कोणासाठी आणि त्याचा प्रतिकारशक्तीवर काय परिणाम होतो, ते आज पाहू.

कोलेस्टेरॉल वाढले की आपण तूप-तळणाला दोष देतो. बहुतेकांना पथ्य, व्यायाम आणि गोळ्या पुरतात. परंतु काही घराण्यांत हा विकार जन्मजात असतो. रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, आत घेण्यासाठी यकृताच्या पेशींना जणू दारे असतात. ब्राऊन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ती शोधली. त्यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आई-वडिलांपैकी एकाकडून दोष आला तर निम्मी दारे बंद असतात. असा माणूस साधारण अडीचशे-तीनशेंत एक सापडतो. दोघांकडूनही दोष आला तर जवळजवळ सारीच दारे बंद! असे मूल सुमारे तीन लाखांत एक असते. त्याचे एलडीएल बहुधा ५०० च्या वर जाते. ते १०० च्या आत असावे. कोपर, गुडघे, टाचेची शीर यांवर पिवळसर गाठी येतात. उपचार न झाल्यास विशीच्या आतही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. नात्यात लग्ने होणाऱ्या घराण्यांत हा धोका अधिक.

उपचार कसा करतात?

१९७५ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात डॉ. गिल्बर्ट थॉम्प्सन व सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचा रक्तद्रव काढून त्याजागी दुसरा द्रव भरण्याचा उपचार केला. कोलेस्टेरॉल उतरले, पण रक्तद्रवाबरोबर रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडेही गेली. हे वारंवार केल्यास जंतुसंसर्गाची भीती. म्हणून १९८१ साली जर्मनीतील कलोन येथे मुख्यतः एलडीएलच धरून ठेवणारी नळी वापरात आली. पुढे जपानमध्ये डेक्स्ट्रान सल्फेटची नळी तयार झाली. रक्तद्रव तीतून गाळून पुन्हा रुग्णालाच देतात. दोन-चार तासांत एलडीएल ६० ते ७० टक्के उतरते. मात्र विहिरीचा गाळ उपसला तरी तो पुन्हा साचतोच. तसेच हे. म्हणून दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला हा उपचार घ्यावा लागतो.

प्रतिकारशक्तीचे काय?

पहिली गोष्ट, नव्या पद्धतीत प्रतिपिंडे थोडीच घटतात.

दुसरी गोष्ट फायद्याची आहे. धमनी अरुंद होते ती केवळ चरबी साचून नव्हे. शरीराच्या संरक्षक पेशी ही चरबी गिळून फुगतात आणि तेथे दाह सुरू होतो. गाळणीमुळे एलडीएलबरोबर दाहाशी संबंधित काही प्रथिनेही कमी होतात.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. रक्त परक्या पृष्ठभागाला लागले की संरक्षक यंत्रणा जागी होते. डेक्स्ट्रान सल्फेटच्या नळीत ब्रॅडिकायनिन नावाचे द्रव्य तयार होते. एरवी शरीर ते लगेच नष्ट करते. परंतु रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत ते साठून रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. म्हणून आपण कोणत्या गोळ्या घेतो, हे डॉक्टरांना आधीच सांगावे. स्वतःच्या मनाने मात्र गोळी बंद करू नये.

२०१५ पासून एलडीएल उतरवणारी नवी इंजेक्शने आली आहेत. गंमत अशी की ती स्वतःच प्रतिपिंडे आहेत! त्यांमुळे काही रुग्णांची गाळणीची गरज कमी झाली. पण ती यकृताची दारे वाढवून काम करतात. जेथे दारेच नाहीत तेथे त्यांचा उपयोग होत नाही.

आपण काय करावे?

हा उपचार खर्चिक आहे आणि मोजक्याच मोठ्या रुग्णालयांत होतो. रक्ताची तपासणी मात्र आपल्या गावातही होते. घरात पुरुषाला पंचावन्नच्या आत किंवा स्त्रीला साठीच्या आत हृदयविकाराचा झटका आला असेल, तर भावंडांची आणि मुलांची तपासणी करून घ्यावी. मुलाच्या कोपरावरची पिवळी गाठ दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष करू नये. वेळीच औषध सुरू झाले तर पुष्कळांवर रक्त गाळण्याची पाळीच येत नाही.