बोटीच्या घाटाला माथा नसतो

मालवण,
१२ जून

चि. प्रसाद यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी दांडीच्या किनाऱ्यावर बोटीला झापं बांधत होतो, धड बोलता आलं नाही. कोल्हापूरला मोडीत निघालेल्या ट्रकचं सहा सिलिंडरचं इंजिन स्वस्तात मिळतंय, ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपायच्या आत बोटीत बसवून टाकतो, म्हणालास. घेऊ नको असं मी म्हणणार नाही. अशोक लेलँडची जी इंजिनं ट्रॉलरवर दिसतात, ती मुळात ट्रकचीच. पण समुद्रासाठी बदललेली. काय बदललेलं असतं ते समजून घे, मग पैसे मोज.

भरलेला ट्रक फोंडा घाट चढताना इंजिन कसं धापा टाकतं, पाहिलंयस ना? पण दाजीपूर आलं की त्याची सुटका होते. बोटीच्या घाटाला माथा नसतो. जाळं ओढताना तासन्‌तास तोच चढ. म्हणून तेच इंजिन बोटीसाठी देताना कंपनी त्याची ताकद उतरवून लिहिते. ट्रकच्या पाटीवरचा आकडा धरून पंखा निवडलास तर फसशील. आरपीएम वीस टक्क्यांनी उतरवलास की पंख्याला लागणारी ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, एवढं ध्यानात ठेव.

आता खारं पाणी. तुझ्या वयाचा असताना मीही असंच इंजिन बसवलं होतं. रेडिएटर काढला आणि समुद्राचं पाणी सरळ ब्लॉकमध्ये सोडलं. ब्लॉकच्या कुशीला पत्र्याच्या गोल टिकल्या ठोकलेल्या असतात. दुसऱ्याच हंगामात, सर्जेकोटच्या बाहेर, त्यातली एक गंजून सुटली. पंप बाहेरचं पाणी ओढून बोटीतच ओतायला लागला. किनारा गाठायला जेवढी घाई करावी, तेवढी बोट लवकर भरत होती. शेवटी इंजिन बंद केलं, भोकात चिंध्यांचा बोळा कोंबला आणि वल्ही मारत आलो. तुझी मामी अजून चारचौघांत सांगते.

तेव्हा ब्लॉकमध्ये गोडंच पाणी फिरव आणि ते थंड करायला हीट एक्स्चेंजर घे. खारं पाणी फक्त त्याच्या नळ्यांतून जाऊ दे, आणि त्यातली जस्ताची कांडी झिजली की बदल. ती झिजते म्हणून नळ्या वाचतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डही पाण्याचं जाकीट असलेला हवा. ट्रकला वारा लागतो, तुझं इंजिन फळ्यांच्या खोलीत कोंडलेलं असणार.

ट्रकचा गिअरबॉक्स मात्र तिथेच ठेवून ये. पंखा बोटीला ढकलतो म्हणजे आधी शाफ्टला ढकलतो. तो रेटा झेलणारं बेअरिंग मरीन गिअरबॉक्समध्ये असतं, ट्रकच्यात नाही. शिवाय आपल्या बंदराच्या तोंडाशी खडक किती आहेत ते तुला सांगायला नको. रिव्हर्स मागितला की त्या क्षणी मिळाला पाहिजे. आणि इंजिन शाफ्टच्या उताराने तिरकं बसतं, त्यामुळे ट्रकच्या डिपस्टिकवरची खूण खोटी ठरते. बोट डोलली की तेल सम्पच्या एका कडेला जातं आणि पंप हवा ओढतो. सम्प बघितल्याशिवाय इसार देऊ नकोस.

तुझा तो दोस्त कारचं पेट्रोल इंजिन बसवतोय म्हणे. त्याला म्हणावं, मामान सांगल्यान, अजिबात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाला साचते. गाडीखाली ती वाऱ्यावर उडून जाते, इथे कुठे जाणार? कारच्या स्टार्टरची एक ठिणगी पुरते.

हीट एक्स्चेंजर, मॅनिफोल्ड, खाऱ्या पाण्याचा पंप, गिअरबॉक्स यांचे भाव काढ आणि इंजिनाच्या किमतीत मिळव. मग स्वस्त उरतं का बघ. नोंदणीच्या कागदावर नव्या इंजिनाचा नंबरही चढवून घ्यावा लागेल.

तोवर एक काम कर. जुन्या पंख्याच्या बोंडावर व्यास आणि पिच कोरलेले असतील. शेवाळ खरवडून आकडे वाच, शाफ्टची जाडी मोज आणि मला कळव. भेटायला ये म्हणते मामी. चतुर्थीची वाट बघू नको.

तुझा,
मामा