खाली पार्किंग, वर गार फरशी

प्रश्न : बेळगावच्या शहापुरात आमच्या घराखाली मोकळं पार्किंग आहे. थंडीत आईला ग्रॅनाइटवर पाय ठेववत नाही. फरशीखाली हीटिंग बसवावं का?

उत्तर : आधी स्लॅबची खालची बाजू झाका. पहाटेचा वारा तिथूनच फरशी गार करतो. नुसतं हीटिंग घातलंत तर बरीच ऊब पार्किंगातच जाईल. खालून 50 मिमी रॉकवूल घट्ट बसवून वर सिमेंट बोर्ड स्क्रूनं आवळा. उघडं थर्मोकोल नको, खाली गाड्या असतात, आगीची भीती. फरशी उखडावी लागत नाही. तरी ग्रॅनाइट तळपायाची ऊब ओढणारच, म्हणून पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जाड सतरंजी अंथरा, खाली न घसरणारी जाळी हवीच. बेळगावच्या थंडीला मला एवढं पुरेसं वाटतं. हीटिंग हवंच, तर आईच्या खोलीपुरतं करा : 100 चौरस फुटांना साधारण दीड किलोवॉट धरा, अर्थिंग आणि ईएलसीबी आधी तपासून घ्या.