खेळाडूची निद्रा व देहातील घड्याळ

क्रीडास्पर्धांचे दिवस जवळ आले की बिदर-कलबुर्गीच्या आपल्या सीमाभागात पुष्कळ मैदानांवर पहाटे पाचलाच शिट्टी वाजू लागते. रात्री अकरापर्यंत अभ्यास आणि पहाटे खो-खो, असा मुलाचा क्रम पाहून वडीलधाऱ्यांस धन्यता वाटते. आम्हांस मात्र येथे हिशेब चुकतो आहे असे वाटते. निद्रा झाली जेमतेम सहा तास. तेरा ते अठरा वर्षे वयास ती आठ ते दहा तास हवी. लवकर निजून लवकर उठावे या उपदेशाचा उत्तरार्धच घरोघरी ध्यानात राहिला आहे!

बरे, मुलाने नऊलाच अंथरुणावर पडावे म्हटले, तरी झोप येत नाही. हा आळस नव्हे. प्रत्येक देहात सुमारे चोवीस तासांचे एक घड्याळ चालत असते. हॉल, रॉसबॅश व यंग या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी फळांवर घोंगावणाऱ्या चिलटांवर प्रयोग करून त्याची यंत्रणा उलगडली: पेशीत एक प्रथिन रात्री साठत जाते, दिवसा विरते, आणि पुन्हा साठू लागते. या शोधास २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वयात येताना हे घड्याळ एक-दोन तास मागे पडते. निद्रेची चाहूल देणारा मेलाटोनिन नामक स्राव रात्री उशिरा वाढू लागतो. त्यात मोबाइलचा उजेड डोळ्यांवर पडला, तर आणखी विलंब. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा आदेश काढला. तो स्तुत्यच होय. परंतु त्याची निकड आठवी-दहावीच्या मुलांस अधिक आहे, असे आमचे मत आहे.

खेळाडूस या अपुऱ्या झोपेची किंमत दुखापतीच्या रूपाने मोजावी लागण्याचा संभव असतो. लॉस एंजेलिस येथील ११२ शालेय खेळाडूंची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. आठ तासांहून कमी झोपणाऱ्यांत दुखापतीचा संभव १.७ पट आढळला. तेवढ्यावरून कमी झोप हेच कारण ठरत नाही. तथापि मुरगळलेला पाय घेऊन स्पर्धेस मुकणाऱ्या मुलाची झोप कोणी विचारतो काय?

शिवाय शरीराचे तापमान सायंकाळी सर्वाधिक असते, आणि त्या वेळी स्नायूंची ताकदही सामान्यतः अधिक भरते. आम्ही कोकणी मुलखातले. तिकडे कापणी झालेल्या भातशेतांत फुटबॉल रंगतो तो उन्हे कलल्यावरच. इकडचा उन्हाळा कडक खरा, पण दिवस मावळता मावळता तासभर खेळता येते.

सामना सकाळचा असेल, तर मात्र सरावही सकाळीच हवा. त्यासाठी आठ-दहा दिवस आधीपासून झोपणे व उठणे रोज पाव तासाने अलीकडे आणावे, आणि उठताच अंगणातील उजेडात यावे. मध्येच एखाद्या रविवारी दहापर्यंत झोपल्यास मोठ्या कष्टाने पुढे आणलेले घड्याळ पुन्हा मागे पडते.