पेनड्राइव्ह ओढण्यापूर्वी

समजा, कामरगावच्या एका मुलीने विज्ञान प्रदर्शनाचा अहवाल शाळेतल्या संगणकावर लिहिला, पेनड्राइव्हवर उतरवला आणि तो छापून आणायला ती कारंजाला गेली. दुकानदाराने फाइल उघडली, तर आत काहीच नाही! एस.टी.चे भाडे गेले, दिवसही गेला. फाइल तर तिच्या डोळ्यांदेखत उतरली होती. मग ती गेली कोठे?

ती पेनड्राइव्हमध्ये पुरती पोहोचलीच नव्हती. अडत्याची पेढी आठवा. सोयाबीनची आवक जोरात असली, की दिवाणजी प्रत्येक नोंद लगेच खातेवहीत करीत बसत नाही. आधी कच्च्या कागदावर टिपतो; गर्दी ओसरली की पक्क्या वहीत चढवतो. संगणकही हेच करतो. त्याची तात्पुरती स्मृती अतिशय जलद, तर पेनड्राइव्हवरचे लिखाण फार मंद. पेनड्राइव्हला डिस्क म्हणतात खरे, पण त्यात फिरणारी चकती नसते. असते एक चिप. तिच्यात नवे लिहिण्यापूर्वी जुने पुसावे लागते, आणि तेही एकेक अक्षर नव्हे, तर मोठा तुकडाच एकदम. यात वेळ जातो. लिनक्स प्रणालीत नवा मजकूर सुमारे ३० सेकंद तात्पुरत्या स्मृतीतच थांबलेला असू शकतो. पडद्यावरची पट्टी पूर्ण भरली, तरी झालेली असते ती कच्ची नोंद!

अशा वेळी पेनड्राइव्ह ओढणे म्हणजे दिवाणजीच्या हातातली वही पळवणे. त्यातून फाइलींची अनुक्रमणिका अर्धवट राहिली, तर जुन्या फाइलीही सापडेनाशा होतात. विंडोजमध्ये २०१८पासून ही उशिरा लिहिण्याची रीत पेनड्राइव्हपुरती सहसा बंद असते. तरीही लिखाण चालू असताना हात लावू नये.

लिनक्सच्या ग्नोम पडद्यावर ‘डिस्क्स’ नावाचे साधन असते. त्यात डावीकडे जोडलेल्या साऱ्या डिस्कांची यादी, उजवीकडे निवडलेल्या डिस्कचे भाग चौकटींत. चौकटीखालचे लहान चौकोनी बटण दाबले, की राहिलेले लिखाण पुरे होते आणि मगच तो भाग सुटा होतो. मात्र याच यादीत संगणकाची स्वतःची डिस्कही असते बरे! ‘फॉरमॅट’ करण्यापूर्वी नाव आणि आकार दोनदा वाचा. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह पुसायला निघालात आणि समोर ५०० जीबी दिसले, तर हात आवरा.

आता एक प्रयोग. महत्त्वाचे काही नसलेला पेनड्राइव्ह घ्या. लिनक्सच्या संगणकावर त्यात एखादी मोठी चित्रफीत उतरवा. पट्टी भरताच ते चौकोनी बटण दाबा आणि घड्याळ पाहा. पेनड्राइव्हवर दिवा असेल, तर तो अजून लुकलुकत असेल. भाग सुटा होईपर्यंत किती सेकंद गेले? दुसऱ्या पेनड्राइव्हवर तीच चित्रफीत उतरवून आकडे ताडून पाहा.