नंबर एक, पण कुणाच्या मोजणीत?

प्रश्न : रिक्षात बसलं की एक एफएम स्टेशन म्हणतं, ‘शहरात नंबर एक आम्हीच’. दुसऱ्या रिक्षात बसावं तर दुसरं तेच म्हणतं. हा नंबर ठरवतं कोण? आणि सगळीकडे तीच ती हिंदी गाणी का? एखाद्यानं वेगळं काही लावलं तर त्याचंच फावेल ना? (एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : दोघंही खोटं बोलत नसावेत, हीच तर गंमत आहे. सकाळी सात ते अकरा ऐकणाऱ्यांत एक पहिला, कॉलेजच्या पोरांत दुसरा, गाडीतून ऐकणाऱ्यांत तिसरा. मैदान पुरेसं लहान आखून घेतलं की कुणीही पहिला येतो. अगदी लहान टायपात काय छापलंय ते जाहिरातीच्या फलकावर वाचता तरी येतं. रेडिओवर लहान टाइपच नसतो.

आता मोजणीचं. टीव्हीसाठी ‘बार्क’ ही संस्था आहे, पण तिचा रेडिओशी संबंध नाही. रेडिओसाठी ‘टॅम’ या संस्थेनं २००७ मध्ये ‘रॅम’ नावाची मोजणी सुरू केली. निवडलेल्या श्रोत्यांना एक डायरी द्यायची आणि दिवसाच्या प्रत्येक पाव तासाला आपण कोणतं स्टेशन ऐकलं ते त्यांनी तीत भरायचं, अशी ती पद्धत. पण ही नियमित मोजणी मुंबई, दिल्ली, बेंगळुरू आणि कोलकाता एवढ्यापुरतीच होती. आपल्यासारख्या शहराच्या वाट्याला डायरी आली नाही, आणि यात भेदभावापेक्षा हिशोब जास्त आहे. समजा, ५०० जणांकडून डायऱ्या भरून घेतल्या आणि एका स्टेशनचा वाटा २० टक्के निघाला. संख्याशास्त्राच्या नियमानं तो साडेसोळा ते साडेतेवीस यांत कुठेही असू शकतो. म्हणजे १९ आणि २२ टक्केवाल्यांनी ‘पहिला कोण’ म्हणून भांडण्यात अर्थ नाही. ते भांडण मिटवायचं तर कितीतरी जास्त डायऱ्या हव्यात, आणि तो खर्च गुलमंडीतल्या साडीच्या दुकानांच्या आणि औरंगपुऱ्यातल्या क्लासेसच्या जाहिरातींतून निघायचा नाही.

शिवाय डायरीत ‘का’ हा रकाना नसतो. तुमचा प्रश्न आल्यावर पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंत कान उघडे ठेवून चालत गेलो. बहुतेक दुकानांत मोबाइल आणि ब्लूटूथचा डबा. रेडिओ म्हणावा असा एकच सापडला, एका शिंप्याच्या मशीनशेजारी, आणि त्यावर आकाशवाणी १०१.७ चालू. ‘नेहमी हेच लावता?’ विचारलं तर त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून रेडिओ माझ्याकडे वळवला. स्टेशन बदलायची गुंडीच गायब. तिच्या जागी उरलेल्या काडीला दोरा गुंडाळलेला, काटा हलू नये म्हणून. उद्या या गृहस्थांना डायरी दिली तर आकाशवाणीला दिवसाला दहा तासांचा निष्ठावंत श्रोता मिळेल.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त आवडला, कारण त्यावर एका अर्थशास्त्रज्ञानं चक्क गणित मांडून ठेवलंय. पीटर स्टायनर हे त्यांचं नाव आणि १९५२ साल. त्यांचा युक्तिवाद आपल्याकडच्या आकड्यांत घालून बघू. आकडे माझ्या पदरचे, फक्त हिशोबासाठी. समजा, शहरात १००० श्रोते आहेत. ८०० जणांना नवी हिंदी गाणी हवीत, १२० जणांना मराठी भावगीतं आणि ८० जणांना गझल-कव्वाली. (वली आणि सिराज या गझलकारांच्या गावात ८० म्हणजे कमीच धरले, पण असो.) स्टेशनं चार. चौघांनीही हिंदी गाणी लावली तर प्रत्येकाला २०० मिळतात. एकानं धाडस करून भावगीतं लावली तर १२०. म्हणजे शहाणा माणूस वेगळं काही लावणारच नाही. पाचव्यानं गर्दीत उडी घेतली तरी त्याला १६०, सहाव्याला १३३. सातव्याला मात्र ११४ च उरतात, तेव्हा कुठे तो भावगीतांकडे वळेल. आणि गझलवाल्यांना वाट बघावी लागेल ती बाराव्या स्टेशनची!

स्टायनर यांचा खरा चिमटा पुढे आहे. हीच स्टेशनं एकाच मालकाची असती तर त्यानं स्वतःच्याच श्रोत्यांची पळवापळवी केली नसती. एकावर हिंदी, एकावर भावगीतं, एकावर गझल लावून त्यानं हजारच्या हजार गोळा केले असते. स्पर्धेनं वैविध्य येतं, असं आपण धरून चालतो. जागा मोजक्या असल्या की ती उलटी चालते.

आपल्याकडे त्या किती मोजक्या? खासगी एफएमच्या नियमांत शहरांचे वर्ग पाडलेले आहेत. तीन ते दहा लाख वस्तीचं शहर ‘क’ वर्गात, आणि त्याला साधारण चार वाहिन्या. २००१ च्या जनगणनेत आपलं शहर पावणेनऊ लाखांच्या आसपास होतं. पुढे २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणानं एका मालकाला एका शहरात एकाहून जास्त वाहिन्या घ्यायला मुभा दिली, पण एकूण वाहिन्यांच्या ४० टक्क्यांपर्यंतच. चाराचे ४० टक्के म्हणजे १.६. सहा दशांश स्टेशन कुणी चालवत नाही, म्हणून मालकाला एकच. मुंबई-दिल्लीत दुसरी वाहिनी घेऊन तिच्यावर जुनी गाणी लावता येतात, चार वाहिन्यांच्या शहरात नाही. मक्तेदारी नको म्हणून केलेला नियम ठीकच, पण त्याची किंमत भावगीतवाल्यांनी मोजली.

गाणी सारखीच म्हटल्यावर झुंज उरते ती बोलण्याची. म्हणून तर मिर्ची (९८.३) आणि रेड एफएम (९३.५) यांच्यात फरक विचारला तर कुणी गाणं सांगत नाही. आरजेचं नाव सांगतात, नाहीतर ‘बजाते रहो’सारखं घोषवाक्य. पण बोलायचं कशावर? या शहरात सकाळी सगळ्यांच्या तोंडी एकच विषय असतो : नळाला पाणी कधी? जायकवाडी धरण उशाशी आणि घशाला कोरड, हे इथे पोराबाळांनाही ठाऊक. खासगी एफएमला मात्र स्वतःच्या बातम्या देण्याची बंदी. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, एवढंच. गंमत अशी की पाणी, वीज, वाहतूक, हवामान यांच्याबद्दल स्थानिक प्रशासनानं दिलेल्या सूचना ‘बातमी’त धरत नाहीत. म्हणजे ‘अमुक भागात आज पाणी येणार नाही’ हे आरजे वाचू शकतो. ‘का येणार नाही?’ असं अधिकाऱ्याला विचारलं की ती बातमी झाली. दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं सप्टेंबर २०२३ मध्ये तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस केली. माझ्या मते, खरी चुरस बघायची असेल तर ती दहा मिनिटं द्यावीत. पाण्यावर रोज नेटका प्रश्न विचारणाऱ्या स्टेशनला नंबर एक म्हणवून घ्यायची गरजच पडणार नाही.

तुम्हाला वेगळं ऐकायचंच असेल तर ते बाजाराबाहेर आहे. आकाशवाणीवर सकाळच्या प्रादेशिक बातम्या, शेतीचे कार्यक्रम आणि भावगीतंही आहेत. तिला वर सांगितलेला ८०० चा हिशोब करावा लागत नाही. या शहराचा रेडिओ तसा जुना : निझामाच्या राजवटीतलं इथलं केंद्र १ एप्रिल १९५० ला हैदराबादच्या केंद्राबरोबर आकाशवाणीकडे आलं. तेव्हा पुण्यात केंद्र नव्हतं, हे पुणेकर पाहुण्यांना सांगायला हरकत नाही. याशिवाय ९०.८ वर एमजीएम या शिक्षणसंस्थेचा सामुदायिक रेडिओ आहे. अशा केंद्रांना १०० वॅटची मर्यादा आणि मनोरा ३० मीटरचा, त्यामुळे वाळूजला खरखर ऐकू आली तर रेडिओला दोष देऊ नका.

राहिला प्रश्न जाहिरातदाराचा. आकडेच नाहीत तर दहा सेकंदांच्या दरानं तो पैसे कशाच्या जोरावर मोजतो? एका सराफानं मला आपली युक्ती सांगितली. दोन स्टेशनांवर सारखीच जाहिरात दिली, ‘आमचं नाव सांगा आणि घडणावळीत सूट मिळवा’. ज्या स्टेशनचं नाव जास्त येईल त्याला दिवाळीचं काम द्यायचं, असा बेत. पहिल्याच दिवशी एक बाई आल्या आणि काउंटरवर हात टेकवून त्यांनी एका दमात दोन्ही स्टेशनांची नावं सांगितली. मग विचारलं, ‘आता सूट दुप्पट ना?’